उजवीकडून दुसरे

तुमच्या तेराव्याला भिंतीवर लावायला तुमचाच फोटो सापडेना, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असता. निम्म्या वडूजच्या भिंतींवर तुमच्या हातचे फोटो लागलेत. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी माझी नजर आधी भिंतीवर जाते, आणि गेलेलं माणूस कोण हे बघण्याआधी उजेड कुठल्या बाजूनं घेतलाय ते मी बघते. ही खोड तुमची. आणि आपल्या घरात बाराव्या दिवसापर्यंत भिंतीवर नुसता खिळा.

आपल्या वर्षानं सगळं घर उलथंपालथं केलं. आधार कार्डावरचा फोटो निघाला, त्यात तुम्ही नुकतेच कुठून तरी पळून आल्यासारखे दिसता. लग्नाचा अल्बम निघाला. "आई, हा घेऊ या, पप्पा किती देखणे दिसतायत," लेक म्हणाली. मी नको म्हटलं. फेट्यातल्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलाला मी जेमतेम ओळखत होते. गेलात ते तुम्ही, पांढऱ्या दाढीचे, गुडघा दुखतो म्हणून डोंगराला शिव्या देणारे आणि तरी चढणारे. मला त्यांचा फोटो हवा होता. पण तुम्ही कधी कुणाला काढू दिलात? वर्षानं मोबाइल रोखला की तो तिच्या हातातून घेऊन तुम्ही तिलाच उभं करायचात.

तुमचा कॅमेरा मात्र कुणी उघडला नव्हता. पिशवी दारामागं, तुम्ही ठेवलीत तशीच, पट्ट्याला कुसळं चिकटलेली. ती उघडायचा मला धीर होत नव्हता. त्यात डोंगर असणार, तळी असणार, एकही माणूस नसणार, हे मला माहीत होतं. आणि तुमच्या फोटोंतून माणसं का गेली, हेही फक्त मलाच माहीत होतं. निदान असं मी वीस वर्षं धरून चालले होते. तुम्हाला ते सांगायचं राहून गेलं. ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

पण आधी पलूस, माझं माहेर. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्याकडे द्राक्षबागेची छाटणी चालू होती आणि घरात पोह्यांचा वास सुटला होता. मी खाली मान घालून बसले. तुमच्या मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. तुम्ही एकदम म्हणालात, "जरा खिडकीकडं सरकून बसता का? उजेड बघतो." सगळी बैठक गार पडली. माझी आई तोंडाला पदर लावून आत पळाली. नंतर वडील तिला म्हणाले, "पोरगं जरा हे हाय का गं?" मी मात्र सरकले. खिडकीतलं ऊन गालावर आलं आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मुलगी बघायला येतात ते बघणं नव्हतं ते. नदीला पाणी किती आलंय हे काठावर उभं राहून बघतात, तसं तुम्ही शांतपणे बघत होता. मला ते फार आवडलं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, तुम्हाला लगेच चढली असती.

"उजेड बघतो" हे तुमचं हत्यार आहे, हे मला लग्नानंतर कळलं. आपल्या भागातली म्हातारी माणसं एकट्यानं फोटोला बसत नसत. एकट्याचा फोटो म्हणजे भिंतीवरचा फोटो, म्हणजे घरचे आपली तयारी करायला लागले, असा त्यांचा समज. नातवंडांत बसतील, बैलाशेजारी उभी राहतील, एकटी नाही. मग तुम्ही काय करायचात? सगळ्या घराचा फोटो काढायचाय म्हणून सांगायचात, म्हातारीला आधी अंगणात आणून बसवायचात आणि म्हणायचात, "तुमी नुसतं बसा आजी. बाकीची येईस्तवर म्या उजेड बघतो." ती मोकळी व्हायची. पान चघळायची, कोंबड्या हाकलायची, सुनेवर तोंड टाकायची. तेवढ्यात तुमचं काम झालेलं असायचं. पुढे एक-दोन वर्षांनी घरचे लोक यायचे, एकट्याचा फोटोच नाही म्हणून रडायचे, आणि तुम्ही खणातून पाकीट काढून पुढे ठेवायचात. "आगदी अशीच बघायची वं ती," एक सून म्हणाली होती आणि रडता रडता हसायला लागली होती. सुनेवर तोंड टाकतानाचाच फोटो होता तो.

त्या दिवसांचं सगळं मला अजून तांबड्या उजेडात दिसतं. फोटो धुवायची मागची खोली, काळा पडदा, ट्रेमध्ये कागद हळूहळू हलवणारी तुमची बोटं. कोऱ्या कागदावर कुणाचं तरी कपाळ वर यायचं, मग डोळे, मग ओठ. "आलं बग, आलं," तुम्ही कुजबुजायचात, पाहुणे दारात आल्यासारखं. दोरीवर चिमट्यांनी ओले चेहरे टांगलेले असायचे आणि वर्षाच्या वेळी मी पोटुशी, त्यांच्या खालून वाकून जायची. सातव्या महिन्यात मला वाटायला लागलं होतं की ही सगळी माणसं माझ्या बाळाकडे बघतायत. मग तुम्ही मला ब्रश धरायला शिकवलंत. डोळ्यांखालचं काळं थोडं कमी करायचं, पण सुरकुतीला हात लावायचा नाही, हा तुमचा दंडक. "सुरकुती पुसलीस तर घरची माणसं त्याला वळखतील कशी?" असं म्हणायचात.

आता ते सांगते.

तुम्ही एका लग्नाचे फोटो काढायला फलटणला गेला होतात, स्टुडिओच्या काउंटरवर मी होते. येरळेकाठच्या एका गावातून एक जावईबापू आले. त्यांचे सासरे वारले होते, तेरावा चार दिवसांवर आला होता. दोन वर्षांपूर्वी त्या सासऱ्यांचा पासबुकासाठी तुम्हीच फोटो काढला होता, पण त्यात ते आजारी, गालफडं बसलेली. घरच्यांना तरणेपणीचा, फेट्यातला फोटो हवा होता. जावईबापूंनी एक जुना फोटो काउंटरवर ठेवला. चार जण ओळीनं उभे, चौघांना फेटे, चौघांना मिशा. मधले दोघे सख्खे भाऊ, कडेचे दोघे चुलत. बायकोनं नीट दाखवून पाठवलं होतं, म्हणून त्यांनी बरोबर बोट ठेवलं. "हे आमचे मामा, म्हणजे सासरे. ह्यांचा एकट्याचा करून द्या." मी चिठ्ठीवर लिहिलं, उजवीकडून दुसरे. चिठ्ठी टाचणीनं पाकिटाला लावली आणि भाजी करपेल म्हणून आत पळाले.

फोटो त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला होता. मी काउंटरच्या अलीकडे बसलेली. त्यांच्या बाजूनं जे डावं, ते माझ्या बाजूनं उजवं. एवढीच गोष्ट.

तुम्ही आल्यावर तो फोटो हातात घेऊन बराच वेळ उभे राहिलात. मग स्वयंपाकघराच्या दारात आलात. "हेच का गं नक्की? मला त्यो डावीकडचा वाटतोय. नाक बग की." मी भाकरी थापत होते, सकाळपासून डोकं ठणकत होतं, आणि फलटणहून आणायला सांगितलेलं सगळं तुम्ही विसरून आला होतात. मी मान वर न करता म्हटलं, "चिठ्ठीवर लिव्हलंय न्हवं? सगळ्या जगाची नाकं तुमालाच कळत्यात व्हय?" तुम्ही मागच्या खोलीत गेलात. एकदा बघितलेला चेहरा आयुष्यात न विसरणारा माणूस माझ्या चिठ्ठीपुढे गप्प बसला.

तेराव्याला तुम्हालाही जेवायला बोलावणं होतं. फोटो कागदात गुंडाळून जावईबापू घेऊन गेले, त्यांनी सासऱ्यांना तरणेपणी कुठं बघितलं होतं? फोटो पाटावर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. मग गेलेल्या माणसाची बायको आतून आली, डोळे पुसून तिनं फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्ये आमचं न्हवंत. ह्ये भावजी हायती."

भावजी म्हणजे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, गेलेल्या माणसाचे धाकटे भाऊ. ते अंगणात पंगतीची पानं मांडून घेत होते. कुणीतरी त्यांना आत बोलावलं. हार घातलेल्या स्वतःच्या फोटोपुढे ते ताठ उभे राहिले. आणि तो माणूस हसायला लागला. "आयला, ह्या फोटोग्राफरनं माझाच नंबर लावला की रं!" बायकांनाही हसू आवरेना म्हणे. तुम्ही मात्र उंबऱ्यात हात जोडून उभे होतात. "चूक माझी हाय," एवढंच बोललात. हे तुम्ही मला नाही सांगितलंत. त्या घरची सून पुढे पासपोर्ट फोटोला आली, तिनं सांगितलं.

घरी येऊन तुम्ही म्हणालात, "डावीकडचाच हुता." मग पाणी प्यायलात आणि अंगण झाडायला घेतलंत. मी काउंटरवर जाऊन बसले, तो जुना फोटो गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला, आणि तेव्हा कुठं ते उलटं-सुलटं मला कळलं. चिठ्ठी मी ब्रशच्या डब्यात अगदी तळाशी घातली. तुम्ही ती कधी मागितली नाहीत. बरोबर फोटो तयार करून दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलात, आणि त्यानंतर कुणाच्या तोंडापुढे कॅमेरा धरला नाहीत. "ज्याला चेहरा वळखत न्हाई त्यानं चेहऱ्याचं काम करू नये," असं तुम्ही एका गिऱ्हाइकाला सांगत होता, मी पडद्यामागून ऐकलं. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. मी पडदा हातात धरून तशीच उभी राहिले.

स्टुडिओतले चेहरे मग माझ्या वाट्याला आले. पासपोर्ट, परीक्षेचे फॉर्म, भरतीला निघालेली पोरं. मीच त्यांना सांगू लागले, हनुवटी जरा खाली, खांदे सैल सोडा. आणि तुम्ही बाहेर पडलात. आधी मेंढरांमागं. दिवाळीनंतर माणदेशातले मेंढके तळ हलवत निघतात, त्यांच्यासोबत तुम्ही चार-चार दिवस चालायचात. परत आलात की सदऱ्याला लोकरीचा वास आणि कॅमेऱ्यात नुसत्या पाठी. घोंगड्या, फेटे, घोड्यावर लादलेला संसार, त्यावर बसलेली कोंबडी आणि धुळीत बुडत गेलेल्या पाठी. एकही माणूस वळून बघत नव्हतं. "आवं, ह्यांना तोंडं न्हाईत का?" मी विचारलं. "त्यास्नी फुडं जायाचंय," तुम्ही म्हणालात.

पुढच्या वर्षी माणसं लहान झाली. पठारावर पवनचक्क्या, आणि त्यांच्या पायाशी कुणीतरी मुंगीएवढं. मग तेही गेलं. कृष्णेवरचं धुकं राहिलं, मायणीचा तलाव राहिला, सागरेश्वराच्या उतारावरचं वाळलेलं गवत, येरळेच्या कोरड्या पात्रावरून चाललेली एका ढगाची सावली. त्या सावलीचे तुम्ही चाळीस-एक फोटो काढलेत, सकाळपासून उन्हात बसून, आणि जेवायला आला नाहीत म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्यात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. रविवारी तुम्ही फोटो कॉम्प्युटरवर लावायचात आणि मी चहा घेऊन मागं उभी राहायची. "चांगलं हाय. पण ह्यात माणूस कुठाय?" तुम्ही म्हणायचात, "आसंल की. नीट बग." "न्हाई." "मग आत्ताच गेला आसंल." तुम्ही हसायचात, मला ते हसूही खुपायचं. तुम्हाला वाटत असेल हिला डोंगरातलं काही कळत नाही. मला तुमच्या प्रत्येक मोकळ्या माळावर माझी चिठ्ठी पडलेली दिसायची. मी लिहिलं होतं, मी चुकले होते, ते बोलायचं असायचं आणि तोंडातून माणूस कुठाय एवढंच बाहेर पडायचं.

कासला नेलंत ते आठवतं? फुलांचा हंगाम संपल्यावर नेलंत. फुलं बघायला समदं गाव जातंय, गवत कोण बघणार, असं तुमचं म्हणणं. मी नवी साडी नेसले होते, आमसुली, हिरव्या काठाची. तोवर दहा वर्षं झाली होती, तुम्ही माझाही फोटो काढला नव्हता. चेहऱ्यांत मीही आलेच की. पठारावर धुकं इतकं होतं की चार पावलांवरचा दगडसुद्धा कुणीतरी बसल्यासारखा वाटायचा. तुम्ही म्हणालात, "त्या कातळावर बस जरा. उजेड बघतो." खोटं कशाला बोलू, मला पलूसची ती खिडकी आठवली. मी पदर सावरला, केस कानामागं घेतले, तुमच्याकडे तोंड करून बसले. आणि तुम्ही म्हणालात, "तिकडं बग. दरीकडं."

सातारा येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही कंदी पेढे घेतलेत, मी खाल्ले नाहीत. महिनाभरानं स्टुडिओत काचेशेजारी मोठा फोटो लागला. धुकं, काळा कातळ आणि आमसुली रंगाची पाठ. गिऱ्हाइकं विचारायची, ह्या कोण? तुम्ही म्हणायचात, "कास हाय." मी खाली मान घालून कुणाचा तरी फॉर्म भरत असायची. सगळे गेल्यावर मात्र त्या फोटोपुढे उभी राहायची. माझी पाठ एवढी शांत आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला तशी बघितलीत, याबद्दल तुमचे उपकार मानायचे होते. पण मी रुसलेली होते आणि रुसवा काढायचं तुम्हाला कधी जमलं नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. तेच पठार होतं, तेच धुकं. आणि तुम्ही काढलेली सगळी म्हातारी माणसं आपापल्या घरची खुर्ची, पाट, बाज घेऊन गवतात बसली होती. कुणाला घाई नव्हती. पान चघळणारी आजी होती, तिच्या कोंबड्या धुक्यात शिरायच्या आणि परत यायच्या. फेट्यातले चौघे ओळीनं उभे होते. मी त्यांना मोजायला लागले, पण मोजता मोजता ओळीचं टोकच बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही कुठं दिसत नव्हता. मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "उजेड बघाया गेलाय. यील की." जागी झाले तेव्हा वर्षा चहा गाळत होती.

बाराव्या दिवशी सकाळी सुभेदार आले. एसटीनं, एकटे. चौऱ्याऐंशी वय, हातात काठी, पण पाठ अजून ताठ. मी त्यांना समोरून कधीच बघितलं नव्हतं, तरी दारातच ओळखलं. वीस वर्षं तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. उजवीकडून दुसरे. मी पाणी दिलं. ते भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "फोटू कुठाय?"

"एकबी धड सापडंना," मी म्हटलं.

"सापडंना? आगं पोरी, संक्रांतीला म्या काढलाय की त्याचा. त्याच्या कॅमेऱ्यात आसंल. बघितला न्हाईस?"

मग ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. दर संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जात होता. मला सांगायचात, मायणीला पक्षी बघायला चाललो. ते खोटं नव्हतं, पण वाटेत सुभेदारांची वस्ती होती. त्यांना दारातल्या बाजेवर बसवायचं आणि एक फोटो काढायचा. एकट्याचा. समोरून. "जित्या मानसाच्या मरनाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतंय म्हनत्यात," सुभेदार म्हणाले. "वाढलंय का न्हाई, त्ये बघाया यायचा ह्यो. हाराचा फोटू अजून हाय माझ्या खोलीत, हार काढून ठिवलाय. मग म्या म्हनायचो, आता तू बस गड्या. त्याचाच कॅमेरा, माझा हात. दर खेपंला डोस्कं कापायचो त्याचं. त्यो लय हसायचा आन तिथंच पुसून टाकायचा. ह्या खेपंला म्हनला, घरी जाऊन पुसतो, पक्षी उठायच्या आत तलाव गाठायचाय."

घरी जाऊन ते पुसायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून खुर्चीत टेकलात ते टेकलातच.

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "सुभेदार, तवाची ती चूक..." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"म्या पयल्याच साली इचारलं हुतं. आरं, तू नजरंचा एवढा पक्का, चुकलास कसा? तर म्हनला, सुभेदार, काउंटरवर फोटू ठिवला की एकाला सुलटा दिसतोय आन समोरच्याला उलटा. माझ्या हातात त्यो सुलटाच हुता. मला दिसत हुतं, तरीबी म्या रेटून बोललो न्हाई. मग चूक कुनाची?"

म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. काउंटरच्या दोन्ही बाजूंसकट कळलं होतं. "मग चेहरं का सोडलं त्यांनी?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, वर्षा आतून बाहेर आली.

सुभेदार मिशीत हसले. "सोडलं व्हय? आगं, त्या तेराव्यावरनं येताना येरळंच्या पुलावर गाडी थांबवली त्यानं, रडाया येत हुतं म्हनून. आन नदीकडं बघितलं. मला म्हनला, सुभेदार, जल्म गेला ह्या पुलावरनं, म्या नदी कवा बघितलीच न्हवती. त्या दिवशी दिसली. आता मला दुकानात बसवंना. पर नदी बघाया जातो म्हनून दुकान सोडलं, तर बायकू भाकरी घालंल व्हय? म्हनून लोकास्नी चुकीचं कारन सांगतो."

काय म्हणावं तुम्हाला! मी उठून आत गेले, ब्रशचा डबा उपडा केला. चिठ्ठी पिवळी पडली होती, टाचणी गंजली होती. ती हातात धरून मी तुमच्याशी जे भांडले ते देवघरातल्या देवांनी ऐकलं असेल. वीस वर्षं! वीस वर्षं मी प्रत्येक डोंगरापुढं अपराध्यासारखी उभी राहिले आणि तुम्ही माझी चूक रजेच्या अर्जासारखी वापरत होता! मला एका शब्दानं सांगता आलं नसतं? की मी मनात काय धरून बसलेय हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं? ठाऊक नसणारच. मी तरी कुठं सांगितलं होतं? आपण दोघंही एकाच चिठ्ठीवर बसून राहिलो, तुम्ही एका बाजूनं आणि मी दुसऱ्या. बारा दिवसांत मला धड रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं. तुमच्यासारख्या माणसाबरोबर भांडता येणार नाही आता, याचंच जास्त रडू आलं.

आणि रडता रडता बरंही वाटत होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. मी तुमच्याकडून काही काढून घेतलं नव्हतं. त्या पुलावर तुम्ही एकटे उभे राहून नदी बघताय, हे मला दिसत राहिलं. माझ्या हातून चिठ्ठी नीट लिहिली गेली असती तर तुम्ही मागच्या खोलीतच म्हातारे झाला असता. मला आमसुली पाठही मिळाली नसती.

कॅमेऱ्यातलं कार्ड वर्षानं कॉम्प्युटरला लावलं. आधी मायणीचा तलाव आला. पाणी, पाणी, पाण्यावर पांढरे ठिपके, मग नुसतं पाणी. माझ्या तोंडात आलंच होतं, ह्यात माणूस कुठाय. वर्षा भराभर पार मागं गेली आणि तिथून एकेक पुढं येऊ लागली. मग सुभेदार आले, बाजेवर, डोळे बारीक करून. प्रत्येक सुरकुती जागच्या जागी. तुमचा हात एवढासाही सुटलेला नव्हता. इतका सुंदर फोटो तुम्ही स्टुडिओत कधी काढला नव्हता.

आणि त्याच्या पुढच्या फोटोत तुम्ही.

फोटो वाकडा आहे. मागचं शाळूचं रान एका बाजूला उतरत गेलंय आणि डोक्यावरचे केस कडेला टेकलेत, पण या खेपेला डोकं कापलेलं नाही. तुमचं तोंड अर्धं उघडं, एक हात वर. काहीतरी शिकवत असणार, सुभेदार कॅमेरा घट धरा, असं काहीतरी. पण डोळे शांत आहेत. पलूसला खिडकीजवळ तुम्ही जसं बघितलं होतंत, तसंच बघताय.

वर्षा डोळे पुसत म्हणाली, "वाकडा आलाय, सरळ करून घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे तसाच." सुभेदार मागून वाकून बघत होते. "डोस्कं हाय की रं सगळं," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

फ्रेमवाल्या रसूलभाईंचा फोन आला, तेराव्याच्या आत देतो, माप आणि नाव चिठ्ठीवर लिहून पाठवा. फोटोची प्रिंट घेऊन मी काउंटरवर जाऊन बसले. कागद घेतला, पेन घेतलं. फोटोत तुम्ही एकटेच, चुकायला कुठं जागाच नव्हती. तरी मी उठले, काउंटरच्या पलीकडे गेले, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं. फोटो सरळ माझ्याकडे करून घेतला आणि पुष्कळ वेळ बघितला. मग चिठ्ठीवर माप लिहिलं, आणि नावाच्या जागी लिहिलं, ह्येच आमचं.